सावित्रीजोती : एका आटोपलेल्या खेळाची हकिगत



६ जानेवारी २०२० रोजी सोनी मराठी वाहिनीवर ‘सावित्रीजोती’ ही मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला तिचा शेवटचा भाग दाखविण्यात आला. ती संपली म्हणण्यापेक्षा आटोपली म्हणणे अधिक खरे. पुरेसे प्रेक्षक नाहीत, हे कारण त्या वेळी उघडपणे सांगण्यात आले. आम्ही त्या मालिकेचे चाहते होतो, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे न्यायाधीशाचा आव आणल्याचा दोष आमच्याकडे येणार नाही.

दूरचित्रवाणीवरील मालिका बंद पडली, हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणी विचारील. मालिका रोज निघतात आणि रोज बुडतात, हे खरे. पण या मालिकेत अश्विनी कासार सावित्रीबाई झाल्या होत्या, ओंकार गोवर्धन जोतीराव झाले होते, आणि संशोधनाची बाजू हरी नरके यांच्यासारख्या फुले वाङ्मयाच्या जाणकाराने सांभाळली होती. १८३१ साली नायगावी जन्मलेली मुलगी शिकते, १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यातील शाळेत शिकवू लागते, ही कथा भाषणाच्या थाटात न सांगता घरातल्या बोलण्यातून, चुलीपुढच्या रागालोभातून सांगितली जात होती. आम्ही आशा धरून बसलो होतो की ही कथा आपल्या चालीने, सावकाश, १८७३ च्या सत्यशोधक समाजापर्यंत जाईल. १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून पत्र लिहिणाऱ्या सावित्रीबाई दिसतील. १८९० साली नवऱ्याच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवे धरून पुढे चालणारी ती बाई दिसेल. आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता झालेला तिचा मृत्यूही दिसेल. इतका लांबचा पल्ला, आणि मिळाले एक वर्ष. त्यातही मार्चमध्ये करोनामुळे चित्रीकरणे बंद पडली ती जून उलटेपर्यंत. त्याच काळात, २८ मार्चपासून, दूरदर्शनने १९८७ चे ‘रामायण’ पुन्हा दाखविले आणि सारा देश त्यापुढे बसला. जुनी, पूर्ण झालेली कथा जिंकली. नवी, अर्धी राहिलेली कथा मागे पडली.

आता ही प्रेक्षकांची मोजणी होते कशी, ते पाहू. ‘बार्क’ नावाची संस्था निवडक घरांत एक यंत्र बसविते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखते; पाहणाऱ्याने आपल्या नावाचे बटण दाबायचे असते. २०२० साली अशी घरे देशभरात सुमारे ४४ हजार होती आणि दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे २१ कोटी. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक घर बोलणार. नमुना नीट निवडला तर थोड्यांवरून पुष्कळांचा अंदाज येतो, हे संख्याशास्त्र आम्हांला अमान्य नाही. भाताचे शीत चेपून पाहणे आपण घरोघर करतोच. परंतु शितावरून भात शिजला की नाही एवढे कळते. तो कोणाला हवा होता, हे कळत नाही. दिवसभर वाट पाहून पाहणारी मुलगी आणि पंख्यासारखा संच चालू ठेवून भाजी निवडणारी मंडळी, दोघांची नोंद त्या यंत्रात सारखीच. शिवाय सायंकाळी घरातला एकुलता संच कोणाच्या हाती असतो, हे आपणांस आम्ही सांगायला नको!

वाहिनीला आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. जाहिरातीच्या सेकंदांवर तिचा संसार चालतो, आणि त्या सेकंदांचा भाव या आकड्यावर ठरतो. तिने ही मालिका काढली हेच मुळात धाडसाचे होते. ‘लोकांना अभिरुचीच नाही’ हा सुशिक्षितांचा आवडता निकाल मात्र आम्हांला पटत नाही, कारण लोकांना विचारण्यापूर्वीच लोकांच्या वतीने निकाल लागण्याची ही काही पहिली वेळ नव्हे.

१८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. एका शेतकरी जोडप्याला जोशी कसा नाडतो आणि शेवटी ते दोघे शिकण्याचा मार्ग कसा धरतात, अशी त्याची कथा. ते त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचाच पैसा इंग्रजी अमलात पुस्तकांच्या उत्तेजनाकडे वळविला होता, त्याची ही कमिटी. तिने नाटक नाकारले. सभासदांतील भटमंडळींच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे चालले नाही, अशी हकिगत जोतीरावांनी स्वतः १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नोंदविली आहे. नाटक बाजूला पडले. १९६९ साली राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय काढले, त्यातही ते नव्हते. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली. एकशे चोवीस वर्षे! ज्या कुणब्यासाठी लिहिले, त्याने ते पाहावे की न पाहावे, हे त्याला कोणी विचारलेच नाही.

मध्यंतरी सगळेच हुकले असे नव्हे. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या १९५४ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. बाबूराव पेंढारकर त्यात जोतीराव होते, सुलोचनाबाई सावित्रीबाई. १९८८ च्या ‘भारत एक खोज’मध्ये एक भाग फुल्यांवर होता, त्यात सदाशिव अमरापूरकर जोतीराव झाले होते. पण एक चित्रपट, एक भाग! रोज संध्याकाळी घरात येऊन बसणारी सावित्रीबाई त्यांत नव्हती.

आपल्या बोरीच्या दृष्टीने तर ही गोष्ट अधिकच लागणारी आहे. पुण्यात मुली शिकू लागल्या तेव्हा परभणीचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. मराठी मुलीला शाळा दूरच राहिली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर येथे वारे फिरले. म्हणजे गावातील पुष्कळ घरांत आजी निरक्षर, आई सातवीपर्यंत आणि नात जिंतूर-परभणीला महाविद्यालयात, असा तीन पिढ्यांचा हिशेब. या तिघींना एकाच ओट्यावर बसून पाहता येईल अशी ही कथा होती, आणि आजीला त्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती. ग्रंथ हे काम करू शकत नाही, व्याख्यानही करू शकत नाही. हे आम्ही व्याख्यानाच्या व्यासपीठावरून सांगत आहोत, हा भाग निराळा.

शेवटचा भाग दाखविल्यावर आठव्या दिवशी ३ जानेवारी आली, सावित्रीबाईंची एकशे नव्वदावी जयंती. गावोगाव फोटोंना हार पडले.

हरी नरके २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. तेव्हा ही मालिका त्याच जाणकारीने पुन्हा उभी राहील, ही आशा आम्ही धरत नाही. झालेले भाग मात्र आहेत. ते वाहिनीने सांभाळावेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना विनामूल्य दाखवू द्यावेत, अशी आमची मागणी आहे. आपणांस ती मान्य असेल तर या सभेचा तसा ठराव करून पाठवावा. ठरावाचा मसुदा आम्ही बरोबर आणला आहे.