डायनामोचा उजेड

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात, आणि तिच्यात घालायच्या नळकांड्यांना सेल. घरात सेल मोजकेच, त्यांना धनी मात्र दोन. एक बॅटरी, दुसरा रेडिओ. याच्यातले काढायचे, त्याच्यात घालायचे, असं सगळ्यांच्याच घरी चालायचं. संपत आलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवले की तापून आणखी थोडा वेळ चालायचे. त्या काळात शेतकऱ्याच्या घरात सेल म्हणजे चैन नव्हती, पण उधळायची वस्तूही नव्हती.

रेडिओ आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घेतलेला. तेव्हा रेडिओचं लायसन्स पोस्टातून काढावं लागायचं. सकाळी 7.05 च्या पुण्याच्या बातम्या ऐकल्याशिवाय आण्णा औताला हात लावत नसत. त्यांना बॅटरीपेक्षा रेडिओ जवळचा होता. मलाही.

29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. संध्याकाळी रेडिओ खरखरायला लागला, म्हणून मी बॅटरीतले तीनपैकी दोन सेल काढून त्यात घातले. परत घालायचं डोक्यात होतं. विसर्जनाहून यायला उशीर झाला, अन् तसाच झोपलो.

पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारीचा भूकंप म्हणून जग त्याला ओळखतं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या भागातली घरं दगड-मातीची. दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती, त्यावर माळवद, आणि गळू नये म्हणून दरसाल माळवदावर चढवलेली नवी माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार असलेली तीच घरं अंगावर आली. आम्ही पत्र्याच्या पडवीत झोपलो होतो, म्हणून वाचलो.

शेजारची काकू, तिची सून अन् सहा वर्षांचा नातू आत होते. पुनवेच्या आदल्या रात्रीचं चांदणं होतं, पण धुळीच्या लोटात हाताला हात दिसेना. धूळ खाली बसल्यावरही चांदणं वरवरच. माळवदाखाली, तुळयांच्या फटीत, काळाकुट्ट अंधार. आतून आवाज येत होता. मी बॅटरी उचलली, बटन दाबलं. एक सेल. उजेड कुठला पडणार?

रेडिओ पडक्या खोलीत. कंदिलाची काच फुटलेली. काडी पेटवावी तर धुळीनं अन् वाऱ्यानं विझायची. असा बराच वेळ गेला. किती, ते मी तीस वर्षं मोजतोय.

मग आण्णांना सायकल आठवली. मागच्या चाकाला डायनामो होता, सहा व्होल्टचा. सायकल दगडांवर उलटी केली, सीट अन् हँडल खाली. त्यामुळं दिवाही खाली आला, नेमका फटीच्या तोंडाशी. मी हातानं पायडल फिरवायला लागलो. चाक घरघरलं आणि आत पिवळा उजेड पडला. पहिल्यांदा काकूचा हात दिसला, बांगड्यांसकट.

"हात थांबवू नगंस," आण्णा म्हणाले. मी दमलो की उजेड मंदावायचा, आणि दगड काढणारी माणसं थबकायची. कुठला दगड काढला तर वरची तुळई खाली येईल, हे उजेडाशिवाय कळत नव्हतं. फटफटेपर्यंत काकू आणि सून निघाल्या. नातू नंतर निघाला. तो गेलेला होता.

काकूनं मला कधी काही विचारलं नाही. दोन सेलची गोष्ट तिला ठाऊकच नव्हती. ते सेल जाग्यावर असते तर पोरगं वाचलं असतं का, याचं उत्तर मला कुणी देऊ शकत नाही.

उजाडल्यावर रेडिओ सापडला आणि चालूही झाला. बातम्या ऐकल्या तेव्हा कळलं, आपलं एकटंच गाव नाही. मदत कुठवर आली, रस्ता कुठला चालू, हे त्यावरच कळायचं. गाव भोवती बसायचं, त्यामुळं रेडिओ दिवसरात्र चालू. चौथ्या दिवशी सेल संपले. त्याच रात्री अफवा उठली की आज याहून मोठा हादरा बसणार. सगळे पावसात, चिखलात, लेकरं पोटाशी धरून रानात पळालो. रात्रभर भिजलो. काहीच झालं नाही. मी रेडिओ डायनामोला जोडून बघितला होता, पण नुसती घरघर. पुढं उमरग्याच्या एका मेकॅनिकनं सांगितलं, डायनामोची वीज उलटसुलट वाहते, रेडिओला सरळ लागते. मध्ये चार डायोड घालावे लागतात.

मग मी या विषयाच्या मागं लागलो. मुठीत दाबून पेटवायची बॅटरी फिलिप्स कंपनीनं दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हॉलंडमध्ये केली होती. 1991 साली ट्रेव्हर बेलिस या इंग्रज माणसानं आफ्रिकेतल्या एड्सवरचा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. खेड्यात वीज नाही, सेल परवडत नाहीत, मग माहिती पोचणार कशी, म्हणून त्यानं चावीचा रेडिओ केला. चावीनं स्प्रिंग आवळायची, ती सुटताना छोटा डायनामो फिरवते. पुढं केपटाउनला त्याचा कारखानाही निघाला. किल्लारीच्या वेळी ही कल्पना दोन वर्षांची होती. आमच्यापर्यंत आली नव्हती, एवढंच.

आता दांडा फिरवायचे रेडिओ बाजारात मिळतात. घेणाऱ्यानं दांडा आधी दुकानातच फिरवून बघावा. आतले प्लॅस्टिकचे दाते झिजले की वस्तू खेळणं होते. दांडा, ऊन आणि साधे सेल, तिन्हींवर चालणारा घ्यावा. आतली चार्जिंगची बॅटरी पडून राहिली की मरते, म्हणून दोन महिन्यांतून एकदा फिरवावा. आपल्या गावात कुठलं स्टेशन लागतं, ते आधीच बघून ठेवावं. मध्यम लहरींची बरीच केंद्रं आता बंद झाली आहेत. हातबॅटरी एलईडीची घ्यावी. जुन्या बल्बपेक्षा तेवढ्याच मेहनतीत उजेड कितीतरी जास्त.

पोरं म्हणतात, मोबाईल आहे की. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं कोकणात खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावांत वीज अन् रेंज दोन्ही गेले, अन् बरेच दिवस आले नाहीत.

माझ्या घरात रेडिओ आणि हातबॅटरी दाराजवळच्या खुंटीला वेगवेगळ्या पिशव्यांत असतात. याचे सेल त्यात घालायचे नाहीत, ही घरात सक्त ताकीद आहे. नातवंडं हसतात. हसू देत. पण ताकीद पाळतात.