हिरडा, नळी आणि मूळव्याध

माळशेज घाटाच्या अलीकडे मढ लागते. जुन्नर-आंबेगावच्या या पश्चिम पट्ट्यात हिरडा होतो. महादेव कोळी कुटुंबे त्याची कोवळी फळे वाळवून ‘बाळहिरडा’ म्हणून विकतात. हेच फळ सुश्रुतसंहितेत मूळव्याधीच्या प्रकरणात भेटते: रोज सकाळी गुळाबरोबर हिरडा. शौचाला साफ झाली की कुंथावे लागत नाही. एवढा तर्क आजही पटतो.

त्याच प्रकरणात औषध, क्षार, डाग आणि शस्त्र असे चार उपाय दिले आहेत. पण आम्हाला अधिक मोलाची वाटते ती गाईच्या सडासारखी, चार अंगुळे लांबीची नळी. तिला छिद्रे दोन. एक पाहायला, दुसरे क्षार किंवा डाग द्यायला. आधी पाहायचे, मग हात लावायचा!

कोंब म्हणजे मुळात काय, हे मात्र फार उशिरा उलगडले. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सर्वांनाच असतात. त्या खाली सरकल्या की मूळव्याध होते, असे टॉमसन यांनी १९७५ साली मांडले. त्याआधी, १९७२ मध्ये, बर्किट यांनी चोथा नसलेल्या आहाराकडे बोट दाखवले होते. नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी यांचे महत्त्व इथेच आहे. बॅरन यांनी १९६३ मध्ये रूढ केलेली, कोंबाला रबरी कडे घालण्याची पद्धत आजही वापरात आहे.

लाजेपायी माणसे रक्त पडणे लपवतात, किंवा मूळव्याधच असेल असे धरून चालतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. दोन्हींतला फरक ठरवायला डॉक्टरांना आजही नळी घालून आत पाहावेच लागते.