वाद्यवृंद कुणाजवळ उभा राहतो

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या माणसाला कापूरहोळ माहीत असतं ते भोरकडे वळायचा फाटा म्हणून. शिवकाळ वाचणाऱ्याला मात्र हे धाराऊचं गाव आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली, बाळाला दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊने त्याला पाजलं. पुढे दोनच वर्षांत राजगडावर सईबाई गेल्या.

पार्श्वसंगीताच्या अभ्यासात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना मी त्याच्यापुढे पहिला प्रश्न ठेवतो तो या धाराऊचा. समजा, धाराऊ ते मूल पहिल्यांदा मांडीवर घेते असा प्रसंग पडद्यावर आहे. संवाद नाही. संगीतकाराच्या हाताशी साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद आहे. त्याने काय लिहावं?

तुताऱ्या आणि हॉर्न वाजले, तर संगीत त्या तान्ह्या बाळात उद्याचा छत्रपती पाहतं. चेलो आणि व्हायोलांचा खालच्या पट्टीतला सूर धरला, तर पलीकडे पडून राहिलेल्या, आपलं मूल दुसरीच्या पदराखाली पाहणाऱ्या आईची वेदना पुढे येते. आणि सगळा वाद्यवृंद गप्प ठेवून एकच बासरी वाजवली, तर आपण धाराऊजवळ जाऊन बसतो, मुलाबाळांच्या स्वतःच्या घरातून उठून गडावर आलेल्या बाईजवळ. दृश्यातली एक चौकटही बदललेली नाही, तरी हे तीन वेगळे चित्रपट झाले. पार्श्वसंगीत प्रसंगातली भावना वाढवतं, असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते त्याचं खरं काम त्याआधीच सुरू होतं: अनेकांच्या भावना एका प्रसंगात गुंतलेल्या असताना कुणाची ऐकायची, हे ते ठरवतं. या विद्येत शिकण्यासारखं जे जे आहे ते मला या एका निवडीभोवती दिसतं.

ही निवड मराठी चित्रपटाने फार लवकर केली, आणि तीही वाद्यं बाजूला ठेवून. १९३७ सालचा प्रभातचा ‘कुंकू’ पाहा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे यांचं. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या घरात वावरते तेव्हा नेहमीचं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आहेत ते घरातले, रस्त्यावरचे आवाज आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. नीरेची दया यावी म्हणून व्हायोलिनं वाजत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला तिचा राग थेट भिडतो. ज्या काळात बोलपट म्हणजे गाणी हे समीकरण पक्कं होतं, त्या काळात घेतलेला हा निर्णय आहे. त्याची थोरवी आपण अजून पुरती मोजलेली नाही.

आता थोडं कारागिरीबद्दल. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. लय मिनिटाला ६० ठोक्यांची धरली तर एका ठोक्यात २४ चौकटी बसतात. १२० ची धरली तर १२. नायिका वळून पाहते ती चौकट ठोक्यावर आणायची, ठोक्याच्या आधी की किंचित नंतर, यावर संगीतकार आणि संकलक तासन् तास घालवतात. सूर आधी आला तर तो प्रेक्षकाला बजावून ठेवतो की आता वाईट वाटून घ्या. चेहरा दिसल्यानंतर, श्वासभर थांबून आला, तर तो प्रेक्षकाला जे वाटलं त्याला दुजोरा देतो. माझा कौल या उशिरा येणाऱ्या सुराला आहे. चेहऱ्याच्या आधी व्हायोलिनं रडली की प्रेक्षकाच्या वाट्याला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. एक व्हायोलिन एका माणसाचं दुःख सांगतं. तीच ओळ सोळा व्हायोलिनं वाजवतात तेव्हा प्रत्येकाच्या सुरात, गज फिरवण्यात केसभर फरक असतो. त्या फरकांमधून जो भरलेला नाद उठतो त्यात एकटा माणूस विरघळून जातो, दुःख सगळ्या गावाचं होतं. म्हणून मोठा वाद्यवृंद हाताशी आहे एवढ्यावरून तो सगळीकडे वाजवणं हा अडाणीपणा ठरतो. ‘पथेर पांचाली’त (१९५५) गेलेल्या लेकीसाठी साडी घेऊन परतलेल्या नवऱ्यापुढे सर्वजयेचा बांध फुटतो, तिथे रविशंकरांच्या संगीतात तिचा आवाजच काढून घेतला आहे आणि त्या जागी एकटी तारशहनाई आक्रोश करते. रविशंकरांचे शिष्य भास्कर चंदावरकर यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभातच्याच आवारात, चित्रपटसंगीत शिकवलं. ‘सामना’ (१९७५) आणि ‘श्वास’ (२००४) या दोन चित्रपटांतून त्यांची काटकसर कानाला कळते.

मुंबईत वाद्यवृंद उभा राहिला तो मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या माणसांमुळे. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले हे वादक समोरचा कागद पाहता क्षणी वाजवू शकत. संगीतकार चाल गाऊन दाखवी. ती चाळीस-पन्नास वाद्यांत वाटून लिहून काढायचं काम अरेंजरचं. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, आणि मराठी मंडळींतले अनिल मोहिले ही त्या कामातली मोठी नावं. गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवलं, १९५८ साली राग आणि सिम्फनी एकत्र आणणारा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. एवढं करूनही श्रेयनामावलीत या लोकांची नावं क्वचितच आली. या क्षेत्रात येणाऱ्या अभ्यासकाकडून माझी पहिली अपेक्षा हीच आहे की त्याने वादकांची नावं शोधून काढावीत. जुने वादक अजून हयात आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्यावं.

‘सैराट’वर (२०१६) थोडं सविस्तर थांबायला हवं. करमाळ्याच्या परिसरातली ही प्रेमकथा. तिच्या संगीतासाठी संगीतकार अजय-अतुल लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर गेले आणि तिथल्या सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. पुष्कळांना तो थाट वाटला. मला तो हिशेब वाटतो. विहिरीकडे धावणाऱ्या परश्याला, मच्छीमाराच्या पोराला, त्याआधी आपल्या पडद्यावर एवढा भव्य नाद कुणी दिला होता? परश्याला जग जसं दिसतं त्या आकाराचं ते संगीत आहे. चारही गाणी पूर्वार्धात येतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत संसार सुरू झाल्यावर गाणं संपलेलं असतं. आणि शेवटी त्या जोडप्याचं लहानगं मूल दारातून आत येतं तेव्हा दिग्दर्शक नागराज मंजुळे आवाजच काढून टाकतात. मूल रडताना दिसतं, ऐकू येत नाही. पहिल्या तासात वाद्यवृंद तसा कोसळला नसता, तर ही शांतता अशी अंगावर आली नसती. तिची किंमत लॉस एंजेलिसमध्ये आगाऊ मोजलेली आहे.

अभ्यासाची सुरुवात ‘कुंकू’, ‘सामना’ आणि ‘सैराट’ या तीन चित्रपटांनी करावी. स्वरलिपी येत नसली तरी अडत नाही. पहिल्यांदा चित्रपट नेहमीसारखा पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना वही घेऊन संगीत कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, तेवढ्याच वेळा मिनिट-सेकंदासह टिपाव्यात. वाद्यं ओळखायच्या भानगडीत पडू नये. मग एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहावा, आणि तोच प्रसंग डोळे मिटून ऐकावा. प्रत्येक नोंदीपुढे एका माणसाचं नाव लिहावं, त्या क्षणी संगीत ज्याच्याजवळ उभं होतं त्याचं. जिथे नाव सुचणार नाही तिथे खूण करून ठेवावी. पुढची प्रकरणं वाचताना त्याच जागा पुन्हा काढायच्या आहेत.