घोटभर पाणी, मूठभर साखर : मॅरेथॉन काय आणि कशी शिकली?

१/ ३० ऑगस्ट १९०४. अमेरिकेतील सेंट लुईस. दुपारचे तीन वाजले आहेत, तापमान ३२ अंशांच्या आसपास आहे आणि ऑलिम्पिक मॅरेथॉनचे ३२ धावपटू धुळीच्या रस्त्याला लागले आहेत. सुमारे ४० किलोमीटरच्या या वाटेवर पाणी जवळजवळ नव्हतेच. अर्ध्या वाटेवरची एक विहीर हाच काय तो मोठा आधार. शर्यत पूर्ण करू शकले अवघे १४ जण.

धावताना काय प्यावे आणि काय खावे, या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी विज्ञानाला पुढे शंभर वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याचा हा धागा.

२/ ही टंचाई निव्वळ गलथानपणाची नव्हती. शरीराला पाणी न मिळाल्यास काय होते हे पाहण्याची उत्सुकता आयोजक जेम्स सुलिव्हन यांना होती, असे इतिहासकार नोंदवतात.

आघाडीवरील थॉमस हिक्स वाटेत पाण्याची याचना करीत होता. सोबत्यांनी त्याला पाणी दिले नाही, फक्त ओल्या स्पंजने तोंड पुसले. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकासोबत स्ट्रिक्निन दिले. काजऱ्याच्या बियांत सापडणारे हे विष तेव्हा अल्प मात्रेत उत्तेजक म्हणून वापरले जाई. पुढे आणखी एक मात्रा, शिवाय ब्रँडी.

३/ हिक्स ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंदांत जिंकला. जिंकला म्हणजे अक्षरशः मरता मरता वाचला. शर्यतीनंतर त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते.

मात्र त्याच्यासोबत असलेल्या चार्ल्स लुकास यांनी पुढे ऑलिम्पिकवर पुस्तक लिहिले आणि त्यात निष्कर्ष काढला तो असा की, औषधे धावपटूंना उपकारक ठरतात. हा तर्क नीट पाहा. विजेत्याने अमुक घेतले, विजेता जिंकला, म्हणून अमुक गुणकारी. तो त्या औषधामुळे जिंकला की ते पचवूनही जिंकला, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

४/ त्या काळातील मॅरेथॉनपटूंचे सारे शास्त्र असेच ऐकीव होते. धावताना पिणे हे दुबळेपणाचे लक्षण, खाणे तर त्याहून वाईट, ही धारणा दृढ होती. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे धावून १९ वे आलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले असोत की युरोपातील नामवंत धावपटू, प्रयोगातून सिद्ध झालेला आहाराचा सल्ला कोणाजवळच नव्हता, कारण तसा प्रयोगच झालेला नव्हता.

५/ तो झाला बॉस्टनमध्ये, १९२४ साली. सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी बॉस्टन मॅरेथॉन संपवणाऱ्या काही धावपटूंचे रक्त शर्यत संपताच तपासले. काहींची रक्तशर्करा फारच खाली गेलेली आढळली. विशेष म्हणजे, ज्यांची शर्करा घसरली होती तेच फिकट, थरथरणारे आणि गोंधळलेले दिसत होते.

ही लक्षणे डॉक्टरांना नुकतीच परिचयाची झाली होती. १९२२ पासून मधुमेहींना इन्सुलिन दिले जाऊ लागले होते आणि मात्रा अधिक झाली की रुग्णाची अशीच अवस्था होई. ज्याला आजवर ‘दमणे’ म्हणत, त्याचा निदान एक भाग म्हणजे साखर संपणे होता.

६/ पुढच्या वर्षी त्यांनी उपाय करून पाहिला. धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय आहार घ्यायला सांगितले आणि शर्यतीत खाण्यासाठी गोड गोळ्या दिल्या. यावेळी रक्तशर्करा टिकून राहिली आणि धावपटू अधिक चांगल्या अवस्थेत अंतिम रेषेवर पोहोचले.

प्रयोग लहान होता, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे खरे. तरी दिशा अचूक होती. आज प्रत्येक मॅरेथॉनपटूच्या खिशात असणाऱ्या एनर्जी जेलचा वैचारिक पूर्वज म्हणजे १९२५ सालची ती गोड गोळी.

७/ आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट. हे संशोधन अमेरिकेतील आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि पुढील चार दशके धावपटूंच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

उलट, आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या १९५३ च्या नियमांनुसार मॅरेथॉनमध्ये पहिले १५ किलोमीटर संपेपर्यंत खाद्यपेयाची सोय नसे आणि आयोजकांनी ठेवलेल्याखेरीज काही घेण्यास मनाई होती. छापलेला शोध आणि रुजलेला शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८/ पुढचा टप्पा स्वीडनमध्ये गाठला गेला. बॉस्टनच्या डॉक्टरांनी रक्त पाहिले होते. धावणाऱ्याचे खरे कोठार मात्र स्नायूंत असते. तिथे साखर ‘ग्लायकोजेन’च्या रूपात साठवलेली असते. योनास बेर्गस्ट्रोम यांनी विशेष सुईने जिवंत माणसाच्या स्नायूचा कणभर तुकडा काढण्याचे तंत्र वापरात आणले आणि हे कोठार प्रथमच मोजता येऊ लागले.

९/ १९६६ चा त्यांचा प्रयोग संशोधनाच्या इतिहासात अजरामर आहे. बेर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन हे दोघे स्वतःच प्रयोगाचे विषय झाले. व्यायामाच्या एकाच सायकलवर दोघांनी एकेका पायाने पेडल मारले, दुसरा पाय विश्रांतीत. दमेपर्यंत व्यायाम, मग तीन दिवस पिष्टमय आहार.

रिकाम्या झालेल्या पायात ग्लायकोजेन नुसते भरून आले नाही, तर विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाले. शरीर तेच, रक्त तेच, आहार तोच. फरक फक्त श्रमाचा. इतकी स्वच्छ तुलना क्वचितच साधते.

१०/ १९६७ मध्ये याच परंपरेतील संशोधकांनी आहार बदलून पाहिला. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वगळलेल्या आहारावर माणसे त्याच श्रमात तासाभरात थकली. मिश्र आहारावर सुमारे दोन तास टिकली, आणि पिष्टमय आहारावर अडीच तासांहून अधिक.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय एकाएकी दगडाचे होतात, हा मॅरेथॉनपटूंचा जुना अनुभव. त्यामागचे मुख्य कारण आता आकड्यांत हाती आले होते.

११/ हा शोध मैदानावर आणला तो इंग्लंडच्या रॉन हिल यांनी. ते स्वतः वस्त्ररसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले. १९६९ च्या अथेन्समधील युरोपीय स्पर्धेआधी त्यांनी हा आहार पाळला, शर्यतीच्या अखेरीस बेल्जियमच्या गॅस्टन रूलंट्स यांना मागे टाकले आणि सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर हा आहार धावपटूंमध्ये झपाट्याने पसरला.

यातील विरोधाभास लक्षात घ्यावा. शोध लागला मोजमापाने, पसरला मात्र विजेत्यामुळे. १९०४ मध्ये विषालाही असाच एक विजेता लाभला होता.

१२/ पाण्याची कथा मात्र उलट्या दिशेने बिघडली. १९६९ मध्येच दक्षिण आफ्रिकेच्या विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी अपुऱ्या पाण्याच्या धोक्याविषयी इशारा दिला. जुन्या ‘पिऊ नका’ला हा योग्य उतारा होता. पण लंबक सुटला तो थांबेना. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात जन्मलेल्या गेटोरेडमुळे क्रीडापेयांची मोठी बाजारपेठ उभी राहू लागली होती. १९९६ मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थेच्या मार्गदर्शनाने सल्ला दिला की, घामावाटे गेलेले सारे पाणी भरून काढा, किंवा सोसेल तितके प्या.

१३/ याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी अतिरिक्त पाण्याने धावपटू गंभीर आजारी पडल्याची उदाहरणे प्रसिद्ध केली होती. रक्तातील सोडियम विरळ होते आणि मेंदूला सूज येते. हा इशारा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू नेमकी याच कारणाने मृत्युमुखी पडली.

१४/ त्याच शर्यतीत संशोधकांनी रक्ताचे नमुने घेतले होते. २००५ मध्ये निष्कर्ष आले : ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम सामान्य पातळीखाली होते, तिघांचे तर जिवावर बेतेल इतके. सर्वांत ठळक खूण होती शर्यतीदरम्यान वाढलेले वजन. म्हणजे ४२ किलोमीटर धावूनही ही माणसे सुरुवातीपेक्षा जड झाली होती!

२००७ मध्ये मार्गदर्शन बदलले. अतिरिक्त पिणे टाळावे, हे त्यात स्पष्ट आले. तहान लागेल तसे पिणे हा नोक्स यांचा आग्रहही आता हेटाळणीचा विषय राहिला नाही.

१५/ १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात एलियुड किपचोगे १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर धावला. खास आखलेल्या परिस्थितीमुळे तो अधिकृत विक्रम नाही. पण सायकलस्वार ठरावीक अंतरावर त्याच्या हाती पिष्टमय पेयाची बाटली देत होते, ते दृश्य आठवा. सेंट लुईसच्या रस्त्यावर हिक्सने मागितलेला आणि त्याला नाकारलेला घोट तो हाच.

१६/ या दोन दृश्यांमधील अंतर एखाद्या अलौकिक धावपटूने कापलेले नाही. ते कापले अंतिम रेषेवर सुई टोचून घेणाऱ्या शेकडो सामान्य धावपटूंनी, एका सायकलवर एकेका पायाने राबणाऱ्या दोन डॉक्टरांनी आणि एका साध्या वजनकाट्याने. ‘पिऊ नका’ आणि ‘सोसेल तितके प्या’ हे दोन्ही सल्ले आपापल्या काळी अधिकारवाणीनेच दिले गेले होते. दोन्ही खोटे ठरले ते कोणीतरी मोजून पाहिले तेव्हा.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक विजेता हे खातो’ अशी जाहिरात दिसली, तर थॉमस हिक्सला आणि त्याला पाजलेल्या स्ट्रिक्निनला जरूर आठवा.

(समाप्त)