घंटा कधी वाजवायची?

मी बेंगळुरूहून बोलतोय.

सिग्नल्समध्ये असताना एका ठाण्यावर आमची धोक्याची घंटा रात्रभर वाजायची. लाइनवर जरा खरखर झाली, की वाजली. शेवटी जवानांनी तिला कापड गुंडाळलं. मग एका पहाटे लाइन खरंच तुटली आणि दीड तास कुणाला पत्ता नाही. जवानांना काय बोलणार? घंटेची मर्यादा मीच ठरवली होती, अंदाजाने.

या चुकीवरचा उपाय टेलिफोनच्याच धंद्यात जुना होता. अमेरिकेत टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी एक छोटं टिपण लिहिलं. त्यातून नियंत्रण आलेख जन्मला. प्रत्येक कामात थोडा चढउतार असतोच. तो आधी मोजा. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे आकडा गेला, तर कारण शोधा. एरवी हात लावू नका.

१९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने शूहार्ट भारतात येऊन गेले. १९४८ मध्येच बेंगळुरूत आयटीआयचा टेलिफोन कारखाना उभा राहिला.

आज याच शहरातली मुलं रात्रभर सर्व्हरवर पहारा देतात. ‘दोन सेकंदांत उत्तर नाही, तर इशारा’ असा आकडा मनानेच टाकला, तर ती माझीच चूक पुन्हा करतील. सोमवार सकाळची गर्दी आणि रविवारची रात्र यांना एकच मर्यादा कशी चालेल? आधी काही आठवडे मोजा. मग घंटा बांधा. वाजली की धावावंच लागेल, अशी.

जय हिंद.