कार्डातून पैसे कटले? राज्य कुठलंही असो, आधी घड्याळ बघा

हैदराबाद, प्रतिनिधी : सीमाभागातला माणूस काचीगुडा स्टेशनवर किंवा एमजीबीएस बसस्थानकावर उतरला की त्याची एक फेरी कोठीला होतेच. गुजराती गल्लीत मोबाईलचं सामान, ट्रूप बाजारात इलेक्ट्रिक आणि सॅनिटरीचा माल, सुलतान बाजारात लग्नाचे कपडे, कानाघशाच्या सरकारी दवाखान्यात दाखवणं अशी कामं असतात. पूर्वी लोक कमरेला पैसे बांधून यायचे. आता खिशात कार्ड असतं.

अडचण होते ती कार्डावरचे पैसे परस्पर गेल्यावर. समजा देगलूरच्या दुकानदाराने कोठीत माल घेतला. त्याच्या कार्डाची बँक नांदेडची आहे, आणि पैसे कटल्याचा मेसेज आला तेव्हा तो बिदरला पाहुण्यांकडे होता. मग तक्रार महाराष्ट्रात करायची, तेलंगणात की कर्नाटकात? पुष्कळ जण या विचारातच दोन दिवस घालवतात आणि "गावी गेल्यावर बँकेत बघू" म्हणतात. नुकसान होतं ते इथेच. या प्रकरणात राज्याची सीमा कुठेच आड येत नाही, आड येतो तो उशीर. म्हणून काय करायचं ते क्रमाने देत आहोत.

पहिल्या तासात करायची चार कामं

१. कार्ड बंद करा. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा किंवा बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. तिथे भामट्यांनीच आपले नंबर टाकून ठेवल्याचे प्रकार अनेकदा उघड झाले आहेत. ब्लॉक केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वेळेसकट लिहून ठेवा.

२. १९३० ला फोन लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, कुठल्याही राज्यातून लागते. व्यवहाराची रक्कम, वेळ, बँकेचं नाव आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. इथून निरोप थेट बँकांकडे जातो आणि पैसे ज्या खात्यात वळते झाले, त्या खात्यात ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात. म्हणून दहा मिनिटांचा उशीरसुद्धा महागात पडतो.

३. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिची पोच सांभाळून ठेवा.

४. बँकेला लेखी कळवा. ई-मेल चालतो. फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करणं जड जातं, ई-मेलवर मात्र तारीख आणि वेळ आपोआप पडते. मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा.

इथे एक गफलत हमखास होते. स्टेट बँकेचं क्रेडिट कार्ड असलेला माणूस थेट कोठीच्या बँक स्ट्रीटवर स्टेट बँकेच्या मोठ्या इमारतीत जाऊन उभा राहतो. मराठवाड्यातल्या जुन्या खातेदारांना तर हे स्वाभाविक वाटतं. त्यांची स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हापासून त्यांच्यासाठी 'हैदराबादचं मोठं ऑफिस' हेच. पण स्टेट बँकेचं क्रेडिट कार्ड 'एसबीआय कार्ड' ही वेगळी कंपनी देते. त्याची तक्रार तिच्याच हेल्पलाइनवर करावी लागते. डेबिट कार्डाचं काम बँकेकडे, क्रेडिट कार्डाचं काम कार्ड कंपनीकडे. रांगेत उभं राहण्याआधी आपलं कार्ड कुठलं ते बघा.

नुकसान कोण सोसणार?

याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्यातला हिशेब असा :

• चूक किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल तर ग्राहकावर शून्य भार. त्याने कळवलं असो वा नसो.

• चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच यंत्रणेत घोळ झाला, आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तेव्हाही शून्य भार.

• अशाच प्रकरणात चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर मर्यादित भार. साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला ही रक्कम जास्तीत जास्त १०,००० रुपये. पाच लाखांपेक्षा जास्त मर्यादेच्या कार्डाला २५,००० रुपये. शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये.

• सात दिवस उलटले की बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. तिथे आपल्या हातात फारसं काही राहत नाही.

दिवस मोजताना मेसेज आल्याचा दिवस धरत नाहीत, आणि कामाचे दिवस आपल्या मूळ शाखेच्या सुट्ट्यांप्रमाणे धरतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी बिदरच्या शाखेला, २ जूनला तेलंगण स्थापना दिनाची सुट्टी हैदराबादच्या शाखेला. पण या हिशेबाच्या भरवशावर राहू नका. हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, त्याच दिवशी कळवा.

कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं. क्रेडिट कार्ड असेल तर त्या रकमेवर ग्राहकाला व्याजाचा भुर्दंड पडू नये, असंही नियम सांगतो. मुख्य म्हणजे ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. आपण निर्दोष आहोत हे ग्राहकाने सिद्ध करायचं नाही.

क्रेडिट कार्डवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवावं. वादातली रक्कम सोडून बिलाची बाकी रक्कम वेळेवर भरा. रागाच्या भरात सगळंच बिल थकवलं तर व्याज, दंड आणि सिबिलचा फटका आपल्यालाच बसतो.

ओटीपी सांगून बसलो, आता?

ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, हे त्याच नियमात लिहिलेलं आहे. म्हणजे ओटीपी सांगितलेल्या माणसाला तर जास्तच घाई असायला पाहिजे. प्रत्यक्षात उलटं होतं. घरात बोलणी बसतील, लोक हसतील म्हणून माणूस गप्प राहतो, आणि तेवढ्यात दुसरा-तिसरा व्यवहार होऊन जातो. घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा : चूक झाली तर लपवू नका, आम्ही रागावणार नाही, लगेच सांगा.

कोर्टांनीही हा नियम उचलून धरला आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून परस्पर गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला. गुवाहाटीच्या एका ग्राहकाचे सुमारे ९४ हजार रुपये ऑनलाइन व्यवहारांत गेले होते. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. जबाबदारी बँकेचीच, हा तिथल्या उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२५ ला कायम ठेवला. दोन्ही प्रकरणांत ग्राहक वेळ न घालवता तक्रारीला गेले होते.

हद्दीचा प्रश्न

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य सीमाभागातल्या माणसाला नवीन नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याला माहिती घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. कोठीत पैसे गेले तर सुलतान बाजार ठाण्यात जा, गावी पोचला असाल तर देगलूर, उदगीर, भालकी, बोधन, जिथे असाल तिथे जा. पुढे ते प्रकरण योग्य ठाण्याकडे वर्ग करणं पोलिसांचं काम. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी आणि ६६-डी ही कलमं अशा फसवणुकीला लागतात.

बँक दाद देत नसेल तर

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभराची एकच योजना आहे, त्यामुळे कुठल्या राज्याचा लोकपाल हा प्रश्नच उरला नाही. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर करता येते. इंटरनेट जमत नसेल तर चंदीगडच्या रिझर्व्ह बँक केंद्राला पोस्टाने पाठवता येते, तीही कुठल्याही भाषेत. म्हणजे मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

कार्ड खिशात, पैसे परदेशात

आपण कार्ड कुणाला दिलंच नाही, मग पैसे गेले कसे? पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं प्रकरण आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला, काही रक्कम कोल्हापुरातूनही. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असं बँकेने तेव्हा सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. कार्ड आपल्याजवळ आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, असं नाही, हे त्यातून कळतं. म्हणून बँकेचे मेसेज वाचायचे, न वाचता उडवायचे नाहीत.

बाजारात आणि घरी कार्ड वापरताना

• बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते. २०२० पासून ही सोय देणं बँकांना बंधनकारक आहे. परदेशी व्यवहार बंदच ठेवा. बाहेरच्या कित्येक वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत.

• ५,००० रुपयांपर्यंत टॅप करून पिनशिवाय पैसे जातात. गर्दीच्या गल्लीत जाणार असाल तर ही सोय बंद ठेवा.

• दुकानात मशीन आपल्यासमोर आणायला सांगा. कार्ड आत घेऊन जाऊ देऊ नका. पिन टाकताना दुसरा हात आडवा धरा, मशीनवरची रक्कम आधी वाचा.

• एटीएममध्ये "मी मदत करतो" म्हणणाऱ्याच्या हातात कार्ड देऊ नका. बघता बघता कार्ड बदललं जातं.

• लिमिट वाढवतो, रिवॉर्ड पॉइंट संपतायत, केवायसी अडकलंय असे फोन आले की ठेवून द्या. व्यवहाराच्या फोनसाठी बँकांना १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. तिथूनसुद्धा ओटीपी कुणी मागत नाही.

• व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका, मग नाव चलनाचं असो की शेतकरी योजनेचं. तुमचे मेसेज ती परस्पर वाचते.

• कमिशन घेऊन कार्ड घासून रोख देणाऱ्यांच्या नादी लागू नका. खोटी खरेदी दाखवलेली असल्याने पुढे वाद झाला तर आपली बाजू लंगडी पडते.

• बँकेत दिलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते बघा. राज्य बदललं की लोक सिम बदलतात आणि बँकेचा मेसेज जुन्या नंबरवर जात राहतो.

शेवटचं काम आजच करा. कार्डाच्या मागचा हेल्पलाइन नंबर, १९३० आणि १४४४८ हे तिन्ही एका कागदावर लिहून घरात लावा, एक प्रत पाकिटात ठेवा. पण कार्डाच्या खणात नको. कार्ड हरवलं तर नंबरही त्याच्यासोबत जाईल.