एका दिवसात चार राज्ये: लांब चालीचे शास्त्र

अमेरिकेच्या पूर्व भागातली अ‍ॅपलेशियन ट्रेल ही जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत 14 राज्यांतून जाणारी, सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट. बेंटन मॅकाय यांनी 1921 मध्ये तिची कल्पना मांडली आणि 1937 मध्ये ती सलग झाली. ही वाट एका मोसमात पुरी करणाऱ्यांमध्ये ‘फोर स्टेट चॅलेंज’ नावाची प्रथा आहे. व्हर्जिनियाच्या हद्दीवरून निघायचे, वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरिलँड ओलांडायचे आणि 24 तासांच्या आत पेनसिल्व्हेनियाची हद्द गाठायची. अंतर साधारण 70 किलोमीटर. पाठीवर सॅक घेऊन चालण्याचा लांब दिवस कशावर उभा राहतो, हे तपासायला हे उदाहरण फार उपयोगी आहे.

ही प्रथा याच टप्प्यात रुजली याला भूगोल कारण आहे. हार्पर्स फेरी गावाजवळ वाट पोटोमॅक नदी ओलांडते, जुन्या कालव्याच्या काठाने काही किलोमीटर अगदी सपाट जाते, मग वेव्हर्टनच्या कड्याकडे चढते. पुढे मेरिलँडभर ती साउथ माउंटनची लांबलचक धार धरून राहते. क्रॅम्प्टन, फॉक्स आणि टर्नर या खिंडींत तेवढे उतरायचे आणि पुन्हा धारेवर यायचे. याच खिंडींसाठी सप्टेंबर 1862 मध्ये यादवी युद्धातली लढाई झाली होती. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये असा दिवस आखणे जवळजवळ अशक्य. तिथे दगडधोंड्यांचे उभे चढउतार निम्म्या अंतरातच दिवस संपवतात.

आता वेळेचा हिशोब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे: ताशी 5 किलोमीटर, आणि प्रत्येक 600 मीटर चढाईला एक तास जादा. त्यात विश्रांती धरलेली नाही. ओझे, चढ आणि थकवा मिळून सरासरी ताशी 4 किलोमीटर धरली, तर 70 किलोमीटरला साडेसतरा तास लागतात. हाच वेग साडेचार केला तर जेमतेम दोन तास वाचतात. उलट दर तासाला दहा मिनिटे टेकले, तर जवळजवळ तीन तास जातात. लांब दिवस पायांच्या वेगापेक्षा थांब्यांच्या शिस्तीने साधतो, असे माझे ठाम मत आहे. पाणी भरणे, मोजे वाळवणे आणि पोटभर खाणे एकाच थांब्यात उरकावे. बाकीचे खाणे चालता चालता.

वेग वाढवू नये याचे दुसरे कारण इंधनाचे. माणूस आणि सॅक मिळून 80 किलो धरले, तर सपाटीवर किलोमीटरमागे सुमारे 60 किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या वर ऊर्जा लागते, चढ वेगळे. स्नायू आणि यकृत यांत साठलेले ग्लायकोजेन साधारण 2,000 किलोकॅलरीचे. उरलेली ऊर्जा चरबीतून आणि खाण्यातून यावी लागते. चरबीचा साठा मुबलक असतो, पण ती सावकाश जळते. संथ चालीत तिचा वाटा मोठा राहतो; चाल जशी धापेकडे झुकते तसे शरीर ग्लायकोजेन उधळू लागते. संध्याकाळी अचानक पायांतले त्राण जाणे हे बहुधा सकाळच्या घाईचे फळ असते.

तरीही खरे नुकसान उतारावर होते आणि तेच सर्वांत कमी ओळखले जाते. सौम्य उतारावर श्वास सोपा होतो, ऊर्जाही कमी लागते, म्हणून माणूस भरभर सुटतो. पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत नाही. ताणला जात असतानाच शरीर आणि ओझे यांना रोखून धरतो. या कामात प्राणवायू थोडा खर्च होतो, पण तंतूंना सूक्ष्म इजा होतात. त्यांचे दुखणे एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते, त्यामुळे ज्या पावलाने घात केला ते त्या वेळी कळतच नाही. या टप्प्यात हाय रॉकपासून पेन-मारकडची खडकाळ उतरण नेमकी शेवटी येते, जेव्हा मांड्या सैल पडलेल्या असतात आणि बहुधा अंधारही झालेला असतो. मध्यरात्री निघून ती उजेडात गाठणारे शहाणे. काठ्या वापराव्यात आणि पावले आखूड टाकावीत, हा उपाय साधा पण खात्रीचा.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. दक्षिणेकडून हार्पर्स फेरीला पोहोचणारा वाटसरू सुमारे 1,650 किलोमीटर चालून आलेला असतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. स्नायुबंध आणि हाडे यांना महिने लागतात. त्याच्या 70 किलोमीटरमागे ते महिने आहेत. शिवाय त्याच्यापुढे अर्धी वाट उरलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी लंगडावे लागले तर कमावलेले अंतर विश्रांतीतच परत जाते.

त्यामुळे सह्याद्रीत शनिवार-रविवारी घाटवाटा उतरणाऱ्यांनी हा आकडा उचलू नये. आपली ताकद जोखायची असेल, तर सॅकसह दोन दिवस सलग चाला आणि दुसऱ्या दिवशी न दुखता जेवढे अंतर झाले, तेवढीच आपली क्षमता धरा.